कुलूपबंद खोलीतला संगणक

दाराच्या वरच्या काचेतून निळसर उजेड दिसत होता, आणि दाराला कुलूप होतं.

"पाहिलंत?" डॉ. दिगंबर पिंपळखुटे मला म्हणाले. "जेवायला गेलो तेव्हा मी तो स्वतः बंद केला होता. किल्ली माझ्या खिशात आहे. आता सांगा, वैरागडे, आत कोण आहे?"

"आत कोणी नसावं, सर."

"म्हणजे तो आपला आपण सुरू झाला."

"तसं दिसतं."

"विवेककोश मंडळात," ते म्हणाले, "गोष्टी आपल्या आपण होत नाहीत."

त्यांनी कुलूप उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. टेबलाखालचा संगणक घुमत होता आणि पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ पसरलं होतं. त्याला पासवर्ड नव्हता. पासवर्ड लावावा, असं मी पूर्वी सुचवलं होतं. तेव्हा सर हसून म्हणाले होते, "लपवण्यासारखं माझ्याकडे काय आहे?" हे वाक्य पुढे मला अनेकदा आठवलं.

"रंगारी बाई कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"खाली छापखान्यात. नव्या खंडाचे छापून आलेले फर्मे तपासतायत."

"मागच्या खेपेला हा असाच सुरू सापडला, तेव्हा त्या कुठे होत्या?"

मी आठवून पाहिलं. "छापखान्यातच होत्या."

"आणि त्याच्या आधी?"

उत्तर त्यांना नकोच होतं. त्यांनी संगणक बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. इतकी वर्षं मी त्यांना ती नुसतीच खिशात टाकताना पाहिलं होतं.

नागपुरात तेव्हा आमच्या मंडळाचा मोठा दबदबा होता. मी कॉलेजात शिकवत असे आणि उरलेल्या वेळात मंडळात नोंदी तपासत, इतिवृत्तं लिहीत असे. माणसाच्या बुद्धीने भ्रमाशी दिलेल्या झुंजीचा समग्र कोश मराठीत सिद्ध करायचा, असा संकल्प सोडून संस्थापकांनी देह ठेवला. संकल्प सोडणं आणि देह ठेवणं हे दोन्ही शब्दप्रयोग त्यांच्या मृत्युलेखात सरांनीच वापरले होते. इमारत दुमजली. खाली छापखाना, वर संपादन. प्रवेशद्वारात संगमरवरी पाटी: 'या वास्तूत कोणतीही पूजाअर्चा होणार नाही.' ही पाटी नुसती शोभेची नव्हती. काही वर्षांपूर्वी छापखान्याचे फोरमन श्रावणजी नेवारे यांनी खंडेनवमीला कागद कापायच्या यंत्रावर झेंडूचा हार घातला होता. सरांनी त्यांना वर बोलावून, उभं करून, अवजारांच्या पूजेच्या उगमावर एक सुंदर व्याख्यान दिलं आणि शेवटी लेखी माफी घेतली. हार कचऱ्यात गेला. श्रावणजी खाली आले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "लय माहिती आहे सरायले."

त्या वर्षी सर निवृत्त व्हायचे होते. प्रमुख संपादकपदासाठी दोन अर्ज होते. एक पुण्याच्या एका प्राध्यापकांचा. दुसरा उत्पला रंगारी यांचा. उत्पलाबाई मंडळात तरुणपणीच आल्या होत्या, आणि शेवटच्या तीन खंडांच्या मुखपृष्ठावर नाव पिंपळखुट्यांचं असलं तरी आतला घाम बाईंचा आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही. बाहेरच्या तज्ज्ञांनी दोन्ही उमेदवारांबद्दल दिलेली गोपनीय मतं सरांच्या संगणकात होती. त्या खोलीच्या किल्ल्या दोन: एक सरांकडे, दुसरी उत्पलाबाईंकडे, कारण सकाळी खोली उघडून कोशाच्या नोंदी चढवायचं काम त्यांचंच होतं.

एवढ्यावर संशय उभा राहायला काही कमी होतं, तर ते एका विनोदाने पुरवलं. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं, "काय मॅडम, तज्ज्ञांनी काय लिहिलं असेल?" उत्पलाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या होत्या, "माझ्याबद्दल काय लिहिलंय, ते मला न वाचताही माहीत आहे." सगळे हसले. सरही हसले. नंतर त्यांनी तेच वाक्य, हसू वगळून, मंडळाच्या अध्यक्षांना कळवलं.

अध्यक्ष होते निवृत्त जिल्हा न्यायाधीश भगवंतराव सालोडकर. त्यांनी फोनवर मला सांगितलं, "वैरागडे, तुम्हाला त्या यंत्रांतलं कळतं म्हणतात. पाहा आणि सांगा. तो आपोआप सुरू होणं शक्य असेल तर बाई सुटल्या. नसेल, तर त्यांचा अर्ज आपल्याला बाजूला ठेवावा लागेल, आणि पुढचंही बघावं लागेल."

पुढचं म्हणजे नोकरी. ते त्यांनी उच्चारलं नाही. न्यायाधीश होते.

मला यंत्रांतलं कळत होतं ते इतकंच, की माझा प्रबंध टंकलेखकाने दोनदा बिघडवल्यावर मी संगणक स्वतः उघडून स्वतः जोडायला शिकलो होतो. मी सरांच्या खोलीत बसलो. पहिला संशय विजेवर गेला. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज जाऊन परत आली की काही संगणक आपोआप सुरू होतात, तशी सोय त्यांच्यात असते. ती सोय इथे बंद होती, शिवाय खोलीला इन्व्हर्टर होता. मग मी नेटवर्कची तार काढली, कारण दुसऱ्या संगणकावरूनही एखाद्याला जागं करता येतं. तरीही संगणक जागा झाला. ठरावीक वेळी उठायचा हुकूम कुणी आत लिहून ठेवलाय का, ते पाहिलं. नव्हता. कळफलक आणि माऊस काढून कपाटावर ठेवले. उंदीर नाचून गेला तरी काही होऊ नये म्हणून. तरीही दुपारी, मी शेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत असताना, तो सुरू झाला. माझ्या डोळ्यांसमोर, कुणाचाही हात न लागता.

खरं तर तिथेच उत्पलाबाई सुटल्या होत्या. मी तसं अध्यक्षांना कळवलंही. ते म्हणाले, "कारण सांगा. कारणाशिवाय चमत्कार होतो, आणि चमत्कार आपण स्वीकारत नाही."

उत्पलाबाई दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. खोलीत यायला त्यांना मनाई झाली होती. किल्लीही काढून घेतली होती.

"काय, वैद्यबुवा?" त्या म्हणाल्या. "नाडी सापडली का?"

"तुम्हाला थट्टा सुचतेय."

"मग काय करू? घरी आईला सांगितलं, माझ्यावर चोरीचा आळ आहे. ती म्हणाली, काय चोरलं म्हणतात? मी म्हटलं, माझ्याबद्दलचं मत. ती म्हणाली, ते तर तुझंच आहे." त्या उंबऱ्याच्या बाहेर नीट, पायाचं बोटही आत येऊ न देता उभ्या होत्या. "वैरागडे सर, एक विचारू? मी खरंच ते वाचलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"तुम्ही वाचलं नाहीत."

"हे उत्तर नाही झालं."

"तेवढंच उत्तर माझ्याकडे आहे."

"चालेल," त्या म्हणाल्या. "आधार असलेलं थोडंच बरं."

खालून धप्प असा आवाज आला. कागद कापायच्या यंत्राचं जड पातं गठ्ठ्यावर पडलं की सगळी जमीन एकदा हलायची. आम्हाला वर्षानुवर्षं त्याची इतकी सवय झाली होती की तो आवाज ऐकूच येत नसे. त्या दिवशी मला तो ऐकू आला, कारण त्यापाठोपाठ संगणकाचा पंखा फिरू लागला.

मी आणि उत्पलाबाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

"श्रावणजींना सांगा," मी म्हणालो, "पुन्हा पाडा म्हणावं."

त्यांनी जिन्यातून खाली वाकून ओरडून सांगितलं. खालून श्रावणजींचा आवाज आला, "कागद नाही त काय कापू, मॅडम?"

"काही नाही. नुसतं खाली आणा."

"रिकामं पातं पाडू नये म्हन्तेत. पन आता इथं आपन काई मानत नाई," श्रावणजी म्हणाले, आणि पातं पाडलं.

तोवर मी संगणक बंद केला होता. जमीन हलली. संगणक सुरू झाला.

आता प्रश्न उलगडला होता, आणि म्हणूनच अधिक भयंकर झाला होता. छपाई चालू असे तेव्हाच पातं पडे, आणि छपाई चालू असे तेव्हाच उत्पलाबाई इमारतीत हमखास असत. यंत्राने अगदी प्रामाणिकपणे, प्रत्येक वेळी, त्यांच्या हजेरीतच उठायचं ठरवलं होतं.

पण धक्क्याने संगणक का उठावा? मी समोरच्या, सुरू करायच्या बटणापासून आत जाणारी बारीक दुपदरी तार उपटली. श्रावणजींनी तीनदा, प्रत्येक वेळी अधिक कुरकुरत, पातं पाडलं. संगणक गप्प. म्हणजे दोष बटणात. मी सीपीयूच्या तोंडावरची प्लास्टिकची पट्टी उचकटून काढली. बटण अर्धवट दाबलेल्या अवस्थेत अडकलं होतं, जरा धक्का बसला की संपर्क व्हावा इतकं. त्याच्या मागे तांबूस पिवळी खरवड वाळून घट्ट झाली होती. ती मी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली, तेव्हा तिच्यातून काहीतरी टिक् करत खाली फरशीवर पडलं.

तो तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

मी वाकून उचलला. मान वर केली तेव्हा उत्पलाबाई दारातच होत्या.

"हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"दाण्याचं नाही. कुंकवाचं माहीत होतं." त्या जराही चाचरल्या नाहीत. "दसऱ्याच्या सुटीनंतर खोली मी उघडली. सीपीयूवर हळद, कुंकू, अक्षता. कपाळाला लावावं तसं बरोबर बटणावर. मी फडकं ओलं केलं आणि पुसून टाकलं. तेव्हाच हा आत गेला असणार."

"कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? श्रावणजींना कळलं असतं तर छापखान्यात महिनाभर हसले असते. एवढ्या मोठ्या माणसाचं हसू होऊ नये, एवढंच मनात आलं."

"दुसऱ्या कुणी ते पुसलं नसतं."

"नाहीच. तुम्ही लोक देव मानत नाही, पण कुंकू पुसायला तुमचा हात धजत नाही. आमच्या घरात ते येतच नाही. म्हणून मला ते रंगासारखं पुसता आलं."

"हे समितीला सांगा."

"मी पुसलं, हे सांगेन. लावलं कुणी, ते मी पाहिलेलं नाही."

"खोलीच्या किल्ल्या दोनच आहेत, उत्पलाबाई."

"तो तर्क झाला. तर्काला आपण कोशात नोंद देत नाही, आधार मागतो. मी इथे नवी होते तेव्हा माझी एक अख्खी नोंद तुम्ही याच कारणासाठी परत केली होती, सर. लाल शाईने."

मला ती नोंद आठवली नाही. शाई आठवली.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. दाणा एका कागदात बांधून नेला होता. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"श्रावणची माणसं," ते म्हणाले.

"त्यांच्याकडे किल्ली नाही, सर."

"मग काय सुचवायचंय तुम्हाला?"

"मी सुचवत नाही. हे आत सापडलं, एवढंच सांगतोय. सुटीनंतर रंगारी मॅडमनी बटणावरचं कुंकू पुसलं. तेव्हा हा आत ढकलला गेला."

'पुसलं' या शब्दावर ते एकदम माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "अहवालात 'यांत्रिक बिघाड' लिहा. तेवढं पुरे आहे."

"अध्यक्ष कारण विचारणार."

"कारण अज्ञात आहे म्हणा. अज्ञाताला अज्ञात म्हणायला आपण लाजत नाही, वैरागडे. तीच तर आपली परंपरा."

मी बाहेर पडलो. त्यांच्या फाटकाला दसऱ्याच्या तोरणाची वाळलेली पानं अजून लोंबत होती. 'भ्रमाचे मानसशास्त्र' या विषयावरचा मराठीतला सर्वांत निर्दोष लेख या माणसाने लिहिला होता. मी तो विद्यार्थ्यांना पाठ करायला लावायचो. त्या रात्री मला सरांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, कारण राग ओसरतो. जे आलं ते थंड होतं, आणि अजून आहे.

बैठक सरांच्याच खोलीत झाली. अध्यक्ष सालोडकर, दोन विश्वस्त, सर, इतिवृत्त लिहायला मी, आणि समोरच्या खुर्चीत उत्पलाबाई. मी यंत्राचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. बटणाची पट्टी जशी सापडली होती तशी, दाणा परत मागे ठेवून, बसवली होती. फोनवर श्रावणजींना म्हणालो, "पाडा." जमीन हलली. संगणक घुमू लागला, आणि एका विश्वस्तांनी आपली खुर्ची नकळत मागे सरकवली.

संगणक बंद करून मी बटणाची तार सोडवली आणि पट्टी काढून दाखवली. दाणा आणि खरवड. पट्टी माझ्या हातात राहिली.

सालोडकरांनी वाकून पट्टी पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे गोपनीय मतं कुणी वाचली नाहीत."

"नाही."

"पण या वास्तूत पूजा झाली."

"झालेली दिसते."

ते उत्पलाबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही यंत्राला हात लावला होता?"

"लावला होता. पुसलं."

"काय पुसलं?"

"कुंकू."

"लावलं कुणी?"

"मी पाहिलं नाही."

"सुटीत तुम्ही कुठे होता?"

"दसऱ्याला दीक्षाभूमीवर. पुस्तकांच्या दुकानात उभी होते. आदल्या दिवशी त्याच दुकानाची मांडामांड करत होते."

"दिवसभर?"

"संध्याकाळी घरी गेले. माणूस घरी जातो."

"किल्ल्या दोन आहेत. डॉक्टरांबद्दल प्रश्न उद्भवत नाही."

"का उद्भवत नाही?"

"त्यांचं लेखन त्याचं उत्तर आहे."

"थोडं लेखन माझंही आहे, साहेब," उत्पलाबाई म्हणाल्या. "शिवाय मी बौद्ध आहे. देव पुजणार नाही, ही प्रतिज्ञा माझ्या आजोबांनी घेतली, वडिलांनी घेतली, मी घेतली. तुमच्या पाटीच्या आधीपासून ती आमच्या घरात आहे."

सालोडकर सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या प्रतिज्ञेबद्दल आदर आहे. पण पदासाठी माणूस काय काय करतो, हे मी कोर्टात आयुष्यभर पाहिलंय. ज्या यंत्रात आपलं भवितव्य ठेवलेलं आहे, त्याला एकदा हात जोडावासा वाटणं अस्वाभाविक नाही. पुढे लाज वाटून पुसलंही असेल. यात चोरी नाही. मात्र विवेककोशाचा प्रमुख संपादक असा असू शकतो का, हा प्रश्न उरतो."

म्हणजे आरोप गेला नव्हता, त्याने फक्त कपडे बदलले होते. सकाळपर्यंत त्या चोर होत्या म्हणून अपात्र होत्या. आता त्या भाविक होत्या म्हणून अपात्र होत्या. त्या इमारतीत पूजा न करण्याची शपथ ज्या एकाच माणसाने घेतली होती, त्याच्यावर पूजेचा ठपका येत होता. तो ठेवणाऱ्या चारही माणसांच्या घरी खंडेनवमीला, मला खात्री आहे, स्वयंपाकाच्या गॅसलासुद्धा कुंकू लागलं होतं.

मी सरांकडे पाहिलं. ते टेबलावर बोटं जुळवून बसले होते. बैठकीत ते नेहमी चपला काढून बसत. त्यांचे गोरे, स्वच्छ पाय टेबलाखाली एकमेकांवर ठेवलेले होते.

"माझी एक विनंती आहे," ते म्हणाले. मला वाटलं, आता. "श्रद्धा ही शेवटी खाजगी बाब असते. ती फार खोल असते, माणसाला न कळत वागायला लावते. रंगारी बाईंची सेवा मोठी आहे. मंडळाने त्यांच्याशी कठोर होऊ नये."

विश्वस्तांनी माना डोलावल्या. इतकं उदार वाक्य त्या खोलीत फार दिवसांनी उच्चारलं गेलं होतं. उत्पलाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर संताप नव्हता. चुकीचा संदर्भ सापडला की नोंद वाचताना त्यांचा जसा चेहरा व्हायचा, तसा झाला होता.

मी उठलो. "सर, खात्रीसाठी तुम्हीही एकदा जवळून पाहता का?" म्हणत पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला. पट्टी निसटली, टेबलाच्या कडेवर आपटली आणि त्यांच्या अनवाणी पायावर पडली. दाणा आणि कुंकवाची खरवड त्यांच्या पावलावर सांडली.

सर चटकन वाकले. उजव्या हाताने त्यांनी पट्टीला स्पर्श केला, आणि तीच बोटं कपाळाला आणि छातीला लावली.

सगळं एका श्वासात झालं. त्यांना स्वतःलाही ते कळायला क्षण लागला. मग त्यांचा हात छातीपाशीच थांबला, खाली घेणंही जड व्हावं तसा. खालून पातं पडलं. संगणक आता सुरू झाला नाही.

पुरावा म्हणून हे शून्य होतं. पायाला पुस्तक लागलं तरी महाराष्ट्रातली निम्मी माणसं हेच करतात. सालोडकरांना ते माझ्याहून जास्त कळत होतं. कुणीही काहीही बोललं नसतं तर ते तिथेच संपलं असतं.

उत्पलाबाई उठल्या. त्यांनी वाकून पट्टी उचलली, फुंकर मारून साफ केली आणि टेबलावर ठेवली, जशी प्लास्टिकची पट्टी ठेवतात तशी.

"मी लावलं," सर म्हणाले.

मी लेखणी उचलली.

"मागचा संगणक गेला तेव्हा त्याच्याबरोबर सहावा खंड गेला. तुम्हाला माहीत आहे. रंगारी बाईंनी तो पुन्हा उभा केला, मी नाही. माझ्यात पुन्हा तेवढं बळ नव्हतं." ते टेबलाकडे पाहत बोलत होते. "खंडेनवमीला घरी पूजा झाली. मी फिरायला जातो सांगून इथे आलो. डबी खिशात होती. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही."

सालोडकर झटकन माझ्याकडे वळले. "हे इतिवृत्तात घेऊ नका. डॉक्टरांची तब्येत ठीक नाही. 'यांत्रिक बिघाड' लिहा आणि विषय संपवा."

मी लेखणी उचललेलीच होती. ती तशीच राहिली.

"साहेब," उत्पलाबाई म्हणाल्या, "माझं नाव इतिवृत्तात शिरलं ते अक्षरांतून. ते बाहेरही अक्षरांतूनच काढावं लागेल. मला वाईट वाटलं म्हणून नाही. उद्या कुणी वाचेल, त्याला आधार लागेल."

"बाई, एका ज्येष्ठ माणसाची..."

"वैरागडे," सर म्हणाले, "लिहा."

आणि त्यांनी सांगितलं. तेच सावकाश, स्वच्छ, एकही शब्द न बदलावा लागणारं मराठी, ज्यात त्यांनी आयुष्यभर लिहिलं. "प्रमुख संपादकांच्या संगणकावर खंडेनवमीच्या दिवशी हळदकुंकू व अक्षता मी स्वतः वाहिल्या. त्यातील एक दाणा बटणामागे अडकल्याने संगणक धक्क्याने सुरू होत असे. श्रीमती रंगारी यांच्यावरील संशय निराधार होता, आणि ही बाब मला बैठकीपूर्वी ठाऊक होती." ते थांबले. "'निराधार होता'नंतर स्वल्पविराम आहे ना?"

"आहे, सर."

"असू द्या."

सालोडकरांनी सही केली, पण चष्मा न लावता.

पुढचा विषय नेमणुकीचा होता. तज्ज्ञांची मतं उघडली. त्यात काय लिहिलं होतं, ते उत्पलाबाई म्हणाल्या होत्या तसं खरोखरच न वाचता कळण्यासारखं होतं. सरांनी ती आठवड्यांपूर्वीच वाचलेली होती. उत्पलाबाईंची नेमणूक एकमताने झाली, कारण त्या खोलीत त्या दिवशी दुसरं मत द्यायचं धैर्य कुणात उरलं नव्हतं.

सर त्यानंतर मंडळात आले नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी दोनदा भेटायला गेलो. आम्ही नोंदींबद्दल बोललो. या गोष्टीबद्दल नाही.

बैठक सुटल्यावर मी आणि उत्पलाबाई जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी उभे राहिलो. खाली श्रावणजी कुणाला तरी विचारत होते, "झालं का मॅडमचं? मंग चहा सांगा, अर्धा अर्धा नको."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"ती पट्टी तुमच्या हातातून निसटली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोडली."

मी नाकारलं नाही.

"कसं ठाऊक होतं तुम्हाला, की सर असं करतील?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, "नका सांगू. त्या दिवशी दाणा फरशीवरून उचलून तुम्ही काय केलंत, ते मी दारातून पाहिलं."

खालच्या अंगणात चिमण्यांचा कलकलाट चालला होता. माझ्या ग्रंथसंग्रहात ईश्वराच्या नास्तित्वावर दोन कपाटं होती.

"मला वाटलं, तुम्हाला दिसलं नसेल," मी म्हणालो.

"दिसलं. वाईट नाही वाटलं. उलट तेव्हाच मनात आलं, या माणसाला कळेल." त्यांनी हात पुढे केला. "तो दाणा कुठे आहे?"

सरांच्या पायाजवळून मी तो पुन्हा उचलला होता. खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटाने फिरवून पाहिला, मग खिडकीतून खाली अंगणात टाकला. एक चिमणी झेपावली.

माझा उजवा हात तेवढ्यात कपाळाकडे उठू लागला होता. मी तो खिशात घातला.